आधी कीर्द, मग खतावणी

व्यापाऱ्याच्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो आणि मग सवडीने खतावणी होते, हे आपण जाणताच. अनेक संगणक मिळून जिथे माहितीचा साठा सांभाळतात, तिथेही हीच रीत चालते. उदाहरणार्थ, 'सेफ' ही प्रणाली घ्या. अमेरिकेत सांताक्रूझच्या विद्यापीठात सेज वाइल यांच्या संशोधनातून ती निघाली. एरवी ती प्रत्येक माहितीच्या तीन प्रती करते, आणि तिन्ही जागी नोंद पक्की झाल्याशिवाय "मिळाले" असे म्हणत नाही. म्हणजे सर्वांत मंद डिस्क जी चाल धरील, तीच साऱ्यांची चाल!

आता तबकडीची हार्डडिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, हे ऐकायला केवढे वाटते! पण विखुरलेले छोटे लिखाण तिच्याकडून सेकंदाला शंभराच्या आसपासच होते. म्हणून कीर्द एसएसडीवर ठेवतात. पूर्वी सगळेच लिखाण कीर्दीतून जाई. २०१७ पासून 'ब्लूस्टोअर' पद्धत रूढ झाली. तीत मोठे लिखाण थेट तबकडीवर जाते; छोट्या नोंदी आणि अनुक्रमणिका एसएसडीवर ठेवता येतात.

मग एसएसडी कोणती घ्यावी? खोक्यावरच्या वेगाला भुलू नका. साधी एसएसडी माहिती तात्पुरत्या स्मृतीत धरून चपळाई दाखवते. पण "पक्के लिहून मगच सांग" असे बजावले, की तिची गती पार बसते. चांगल्या एसएसडीत विद्युत्संधारक असतात. वीज गेली तरी हातातले लिखाण पुरे करण्याइतकी शक्ती त्यांत साठलेली असते, म्हणून ती चटकन आणि खरा होकार देऊ शकते.

दुसरी गोष्ट आयुष्याची. एसएसडी लिहून लिहून झिजते. ४८० जीबीची एसएसडी रोज एकदा पूर्ण लिहिण्याच्या हमीने पाच वर्षांसाठी घेतली, तर तिची मर्यादा ८७६ टीबी झाली. आपले रोजचे लिखाण किती, याचा हिशेब आधी मांडा.

तिसरी गोष्ट जोखमीची. एक एसएसडी बिघडली, की तिच्यावर कीर्द ठेवणाऱ्या सगळ्या डिस्का एकदम बाद होतात. म्हणून एका साध्या साटा एसएसडीवर चार-पाच डिस्काच टाकाव्यात. पैसे वाचवायला बारा टाकू नयेत.

आणि तबकड्या घेताना एक सांभाळा. काही डिस्कांत लिखाणाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे, तर शेजारचीही उचलावी लागतात ना? तसेच तिथे होते. एखादी डिस्क गेल्यावर प्रती पुन्हा भरण्याचे काम अशा डिस्कांवर फार रेंगाळते, आणि तेवढ्या वेळात दुसरी गेली तर धोका वाढतो. तेव्हा विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला स्पष्ट विचारा : पट्टे कौलारू आहेत का? आणि वीज गेल्यावर एसएसडी आपला शब्द पाळते का?