मोहोराच्या फवारणीत पंपाचे इंजिन अडखळतेय? आधी प्लग पाहा

रत्नागिरीच्या हापूस बागांत तुडतुडे, भुरीची फवारणी लांबली की मोहोर जातो. नेमक्या त्याच सकाळी एचटीपी पंपाचे पेट्रोल इंजिन 'मिसिंग' मारू लागते. रिकामे चालते, प्रेशर दिले की झटके देते. लगेच कार्बोरेटर खोलू नका.

इंजिन थंड करून प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबलेला असतो, नाहीतर चोक अर्धवट ओढलेला राहिलेला असतो (कितीदा तरी एवढेच निघते!). प्लग पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगी कमजोर आहे. साफ करून गॅप पुस्तिकेप्रमाणे ठेवा. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांत तो 0.7 ते 0.8 मिमी असतो. शंका असेल तर प्लग बदलाच.

पावसाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल हे कोकणातले जुने दुखणे. त्यातले इथेनॉल ओलावा शोषते. पाणी वाढले की दोन्ही मिळून तळाला बसतात. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ताजे पेट्रोल भरा.

तरीही चोक थोडा ओढल्यावरच इंजिन नीट चालत असेल, तर जेटमध्ये कचरा आहे. आता कार्बोरेटर खोला. जेट हवेच्या झोताने साफ करा. तार घातली तर छिद्र मोठे होते.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा, उरलेल्या पेट्रोलवर इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मगच पंप पडवीत ठेवा.