पाटी बाहेर, तिजोरी आत

गुलमंडीवरील एखाद्या जुन्या पेढीच्या मालकाला कोणी 'पाटी काढून टाका' असा सल्ला दिला, तर तो हसेल. ओळखीच्या गिऱ्हाइकाला पाटीची गरज नसते. पाटी असते ती अनोळखी माणसासाठी. आज हेच काम संकेतस्थळ करते. पैठणीचा व्यापारी, वेरूळ-अजिंठ्याच्या प्रवाशांची सोय पाहणारा व्यावसायिक, धर्मशाळेचा विश्वस्त, घरी शिकवणी घेणारी गृहिणी या सर्वांना आपला ईमेल पत्ता चारचौघांत मांडावा लागतो. तो मांडला की थोड्याच दिवसांत टपालपेटी भरू लागते. न मागितलेले कर्ज, न काढलेल्या सोडतीचे बक्षीस, 'आपले खाते आज बंद होईल' अशी धमकी! या गर्दीत परगावच्या एखाद्या कुटुंबाने दोन खोल्यांसाठी लिहिलेले साधे पत्र हरवते. मनस्ताप विसरता येतो; परंतु उत्तराविना राहिलेला तो यात्रेकरू पुन्हा लिहीत नाही.

खर्च कोणाचा?

नकोशा ईमेलचा इतिहास जवळजवळ अर्ध्या शतकाचा आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या अमेरिकन विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाची जाहिरात 'अर्पानेट' या तत्कालीन जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम पाठविली. तक्रारी झाल्या, पण वाट पडली. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढे ही पीडाही येथे पोहोचली.

तिचे मूळ हिशेबात आहे. छापील जाहिरात टपालाने पाठविताना कागद, छपाई आणि तिकीट यांचा खर्च पाठविणाऱ्याला सोसावा लागतो. म्हणून तो गिऱ्हाईक निवडून पाठवितो. ईमेलचा खर्च त्याच्या बाजूने नगण्य असतो. वेळ आणि लक्ष खर्ची पडते ते घेणाऱ्याचे. कॅलिफोर्नियातील विद्यापीठीय संशोधकांनी २००८ मध्ये याचा माग काढला. इतरांच्या संगणकांचा चोरून ताबा घेऊन चालविलेल्या अशा एका मोहिमेत २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रे गेली आणि विक्री झाली केवळ २८. म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! कोणताही दुकानदार अशा धंद्याला टाळे लावील. परंतु जेथे भांडवल दुसऱ्याचे, तेथे एवढी विक्रीही पुरते. म्हणून 'आपण उत्तर दिले नाही की ते थांबतील' ही आशा व्यर्थ होय.

कायद्याची मर्यादा

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-अ मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठविणाऱ्याविषयी दिशाभूल करण्यासाठी धाडलेल्या ईमेलचाही समावेश होता. मात्र त्या कलमाची भाषा इतकी मोघम होती की अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधा येते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते संपूर्णपणे रद्द केले. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक केल्यास कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु निव्वळ उपद्रवी ईमेलसाठी स्वतंत्र कायदा नाही.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील एक तरतूद या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. जी माहिती व्यक्तीने स्वतःहून जाहीर केली, तिला हा कायदा लागू होत नाही. स्वतः पाटीवर लिहिलेल्या पत्त्याचे रक्षण स्वतःच करावयाचे, असा याचा व्यावहारिक अर्थ.

दुसऱ्याचा पत्ता मात्र आपण जाहीर करू लागलो की प्रश्न निराळा होतो. समाजाची सभासद-सूची किंवा वधू-वर परिचय पुस्तिका सर्वांना दिसेल अशी संकेतस्थळावर ठेवली, तर पत्ते गोळा करणारे संगणकीय कार्यक्रम त्यातील प्रत्येक पान वाचून काढू शकतात. कार्यकर्त्यांनी संबंधितांची संमती घेतल्याविना असे करू नये. तसेच शेकडो सभासदांना एकच निमंत्रण पाठविताना सर्वांचे पत्ते 'बीसीसी'च्या रकान्यात घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

दोन पत्ते, दोन कुलपे

मग उपाय काय? पेढीची जुनी रीतच येथे उपयोगी पडते. गिऱ्हाईक बैठकीवर येते, तिजोरी आतल्या खोलीत असते. त्याप्रमाणे एक ईमेल पत्ता जगासाठी असावा आणि दुसरा केवळ बँक, विमा, प्राप्तिकर व भागभांडवल यांच्यासाठी. हा दुसरा पत्ता ना संकेतस्थळावर द्यावा, ना भेटपत्रिकेवर छापावा, ना प्रदर्शनातील सोडतीच्या चिठ्ठीवर लिहावा. दोघांचे परवलीचे शब्द वेगळे असावेत आणि दोन्हींना द्विस्तरीय पडताळणी लावावी.

या विभागणीचा मोठा लाभ असा की, बँकेला जाहीर पत्ता ठाऊकच नसतो. त्यामुळे त्या पत्त्यावर 'बँकेचे' म्हणून आलेले तातडीचे पत्र न उघडताही संशयास्पद ठरते. आतल्या पत्त्यावरही सावधगिरी हवीच. पत्रातील दुव्यावर बोट न ठेवता बँकेचे संकेतस्थळ स्वतः टंकून उघडावे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 'बँक.इन' या राखीव नावाखाली आणण्यास सांगितले होते. ते नाव पाहण्याची सवय लावून घ्यावी.

जाहीर पत्ता पूर्णपणे लपविता येत नाही, पण तो वेचणे अवघड करता येते. अनेक शासकीय संकेतस्थळांवर 'अ‍ॅट' आणि 'डॉट' यांची चिन्हे न देता ते शब्द कंसात लिहिलेले आढळतात, ते याच कारणासाठी. भाबडे कार्यक्रम याने फसतात, चतुर फसत नाहीत. त्याहून बरे म्हणजे पत्ता न दाखवता संपर्काचा अर्ज ठेवावा आणि त्यासोबत माणूस-यंत्र ओळखणारी चाचणी द्यावी.

आलेले नकोसे पत्र नुसते पुसू नये, 'स्पॅम' म्हणून नोंदवावे. त्या नोंदींवरूनच गाळणी शिकते. ओळखीच्या दुकानाची पत्रे नको असतील तर सदस्यत्व रद्द करावे. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना आपली ओळख सिद्ध करणे गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून बंधनकारक केले आणि जाहिरातींच्या पत्रांत सदस्यत्व रद्द करण्याची सोपी सोयही देण्यास सांगितले. पूर्ण अनोळखी पत्रातील असे बटण मात्र दाबू नये. पत्ता जिवंत आहे, एवढेच त्यातून पलीकडे कळते. आणि सावध राहूनही पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेला सूचना द्यावी. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडविता येणे हे वेळेवर अवलंबून असते.

शेवटी एक गोष्ट रोजच्या शिस्तीची. गाळणी कधी कधी खऱ्या पत्रालाही कचऱ्यात टाकते आणि 'स्पॅम'मधील पत्रे साधारणतः तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात. म्हणून संस्थेत एका व्यक्तीकडे हे काम सोपवून आठवड्यातून दोनदा तो कप्पा चाळावा. चुकून तेथे पडलेले पत्र उचलावे, 'स्पॅम नाही' असे नोंदवावे आणि त्याच दिवशी उत्तर द्यावे. खोल्या शिल्लक नसतील तर तेवढेही कळवावे. परगावच्या त्या कुटुंबाला निदान दुसरी सोय पाहता येईल.