राखेची राखण

काचीगुड्यात राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभर अनेक भाषा पडतात. चुलीत जे उरते त्याला आपण मराठीत राख म्हणतो, कन्नडमध्ये बूदी आणि तेलुगूत बूडिद. नावे निरनिराळी असली तरी मान कोठेच नाही. आपल्या मराठीत तर संसार बुडाला की त्याची ‘राखरांगोळी’ झाली असे म्हणतात. परंतु सिमेंटच्या दुकानात पोर्टलँड पोझोलाना जातीचे पोते पाहावे, त्यावर राखेचे शेकडा प्रमाण छापलेले असते. भारतीय मानकाप्रमाणे ते 15 ते 35 टक्के असते. म्हणजे जी वस्तू आपण उकिरड्यावर टाकतो, तीच आपण पैसे मोजून विकत आणतो! वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे साहजिकच प्रश्न पडतो की, टाकाऊ वस्तू विक्रीचा माल केव्हा आणि कशी होते? त्याचे उत्तर या लेखात थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

ही राख घरच्या चुलीतली नव्हे, औष्णिक वीज केंद्रांतली. मराठवाड्यात परळी वैजनाथ येथे 1971 साली पहिला संच सुरू झाला आणि कर्नाटकात रायचूरजवळ शक्तिनगर येथे 1985 साली; तेलंगणात रामगुंडम येथेही असेच केंद्र आहे. विशेष म्हणजे ही तिन्ही ठिकाणे 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. राज्ये वेगळी झाली, भाषा वेगळ्या राहिल्या, पण राखेचा प्रश्न तिघांचा एकच. आपल्या देशी कोळशात राखेचा अंश साधारण 30 ते 45 टक्के असतो. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की निदान तीस टन राख हाती उरते. वीज तारेतून दूर निघून जाते. राख मात्र जेथल्या तेथे राहते.

कायद्याच्या दृष्टीने ही राख घातक कचऱ्यात मोडत नाही. घातक कचऱ्यासंबंधीच्या 2016 च्या नियमांत तिला ‘मोठ्या प्रमाणातील, अल्प परिणामाचा’ कचरा म्हणून वेगळे काढले आहे. पण ‘अल्प परिणाम’ हा शब्द ऐकून निश्चिंत होऊ नये. राख निरुपद्रवी राहते ती नीट राखली तरच. ही राखण तीन पायऱ्यांनी होते : छाननी, साठवण आणि पाठवणी.

प्रथम छाननी. भट्टीच्या तळाशी पडणारी जाड राख निराळी आणि धुराबरोबर वर जाणारी बारीक राख निराळी. एकूण राखेपैकी सुमारे चार पंचमांश बारीक असते. धूर धुराड्यात शिरण्यापूर्वी विद्युतभारित पट्ट्यांमधून नेला जातो. राखेचे कण पट्ट्यांना चिकटतात; पट्ट्यांवर ठोके पडले की ते खालच्या नरसाळ्यात गळतात. पहिल्या रांगेत जाडसर राख सापडते, पुढच्या रांगांत अधिकाधिक बारीक. नंतर प्रयोगशाळेत तिची परीक्षा होते. सिमेंटसाठी हवी असलेली राख 45 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतली असता शंभरातले 34 भागांहून अधिक वर उरता कामा नयेत. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तीच राख पुन्हा तापवून पाहतात. वजनात 5 टक्क्यांहून जास्त घट आली तर तिच्यात न जळलेला कोळसा बराच आहे असे समजावे. अशी राख सिमेंटला चालत नाही.

दुसरी पायरी साठवणीची. कोरडी बारीक राख हवेच्या दाबाने नळांतून उंच बंद कोठीत, म्हणजे सायलोत जाते. ती दमट होऊन बसू नये म्हणून तळातून हवा सोडतात. जाड राख व न उचललेली राख मात्र पाण्यात कालवून राखतलावात सोडतात. राख खाली बसते आणि वरचे पाणी पुन्हा वापरता येते. या पद्धतीला पाणी फार लागते, आणि आपल्या दुष्काळी मुलखात पाणी कोठून आणायचे? 2013 च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले होते. शिवाय तलावाचा बांध पक्का नसेल तर काय होते, हे 2022 च्या जुलैत दिसले. नागपूरजवळ खसाळा येथील राखतलावाचा बांध पावसात फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले.

तिसरी पायरी पाठवणीची. सायलोखाली बंद टाकीची गाडी, म्हणजे बल्कर, उभी राहते. लवचीक नळ तिच्या तोंडावर बसतो, आणि उडणारी धूळ बाजूच्या नळीने परत ओढली जाते. गाडीचे रिकामे व भरलेले वजन काट्यावर होऊन पावती फाटते. तलावातली राख टिपरमधून जाते. ती ओलसर हवी, कडेच्या खाली भरलेली हवी आणि वर ताडपत्री घट्ट बांधलेली हवी. सारी गोम येथेच आहे. माझे आजोळ अशाच एका केंद्राजवळच्या खेड्यात आहे. ताडपत्रीविना गाडी गेली की आजी आधी पाण्याचे हंडे झाकते आणि मग दोरीवरचे धुणे काढते. दम्याच्या माणसाला तर दारे लावून बसावे लागते. कागदोपत्री निरुपद्रवी असलेली राख एका दोरीच्या गाठीवाचून उपद्रवी होते, ती अशी.

आता थोडे पैशाविषयी. 1996-97 साली देशात सुमारे 6 कोटी 89 लक्ष टन राख निघाली आणि तिच्यापैकी जेमतेम दहा टक्के उपयोगात आली. 1999 च्या सरकारी अधिसूचनेने केंद्रांवर राख वापरात आणण्याचे बंधन घातले. 2021-22 मध्ये राख सुमारे 27 कोटी टनांवर गेली, तरी वापर 95 टक्क्यांच्या पुढे पोहोचला. सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव, खाणींचे खड्डे अशा अनेक ठिकाणी ती गेली. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर ठरलेल्या प्रमाणात न उचललेल्या राखेवर टनामागे 1000 रुपये भरपाई ठेवली. जी वस्तू नावे बाजूला होती, ती जमा बाजूला आणण्यासाठी कायद्याने दिलेला हा ढोसच होय.

परंतु वाचकहो, हिशेबात एक खाते अजून उघडलेले नाही. टनांची नोंद होते, रुपयांची होते. रस्त्याकडेच्या घरात किती राख गेली याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. जमाखर्चाचे आम्हांला शिकवलेले पहिले तत्त्व असे की, एकाने भोगलेला खर्च दुसऱ्याचा नफा म्हणून दाखवू नये. उद्या आमच्यापैकी काहीजण अशाच कारखान्यांच्या वह्या तपासायला बसतील. त्यांनी वजनाच्या पावतीबरोबरच ताडपत्रीच्या दोरीचाही खर्च विचारावा. तो फार नाही, पण तो झाला नाही तर त्याची भरपाई खेड्यातल्या माणसाचा श्वास करतो.