पडदा काळा, पण यंत्र जिवंत

जुना लॅपटॉप सुरू केला, पंखा फिरला, ओळखीचा आवाजही आला. पण पडदा काळाच राहिला, की बहुतेक जण म्हणतात, 'स्क्रीन गेली.' मग यंत्र भंगारात जाते आणि त्याच्याबरोबर आतली पत्रे, फोटो आणि लिखाणही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा अनेक यंत्रांचा पडदा मात्र शाबूत असतो. गेलेला असतो तो फक्त त्यामागचा दिवा.

एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. तो रंगीत काचेच्या तावदानासारखा असतो. मागून उजेड आला तरच चित्र दिसते. साधारण २००८ पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हा उजेड सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या ट्यूबमधून येतो. घरातल्या ट्यूबलाइटची ही धाकटी बहीण. ती पेटवायला १,००० व्होल्टहून अधिक दाब लागतो आणि पेटती ठेवायला काहीशे व्होल्ट. हा दाब तयार करणाऱ्या चिंचोळ्या पट्टीला इन्व्हर्टर म्हणतात. वीज गेल्यावर घरातला इन्व्हर्टर करतो तेच काम, म्हणजे डीसीचे एसी करणे, ही बोटभर पट्टी करते. पुढे एलईडी आले आणि ही जोडी मागे पडली.

पहिली परीक्षा टॉर्चची. खोलीत अंधार करा, लॅपटॉप सुरू करा आणि पडद्यावर टॉर्चचा झोत तिरपा टाका. पुसट अक्षरे दिसली तर पडदा ठीक आहे, दोष उजेडाचा आहे. काहीच दिसले नाही तर बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा. त्यावर चित्र आले तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये शोधायचा. तिथेही अंधारच असेल तर मदरबोर्डकडे वळायचे. मॉनिटरवर चित्र आले, की दुरुस्तीआधी महत्त्वाच्या फायली उतरवून घ्या.

आता स्क्रूड्रायव्हर न उचलता करायच्या गोष्टी. ब्राइटनेसची बटणे दाबून पाहा. झाकण मिटल्यावर दिवा बंद करणारा एक छोटा खटका असतो. तो धुळीने अडकला तर झाकण मिटलेलेच आहे असे यंत्राला वाटते. गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांचा लॅपटॉप माझ्याकडे आला. आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी त्यात टाइप केल्या होत्या आणि मूळ वहीला वाळवी लागली होती. दुकानात त्यांना 'नवा घ्या' असे सांगितले होते. टॉर्चमध्ये अक्षरे दिसली, ओव्या पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि अडकलेला खटका साफ करताच पडदा उजळला.

झाकण हलवल्यावर उजेड येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल तपासावी. सुरुवातीला पडदा गुलाबी दिसून हळूहळू पांढरा होत असेल, तर ट्यूब म्हातारी झाली आहे. उजेड येऊन दोन-चार सेकंदांत जात असेल, तर मात्र घाई नको. ट्यूब थकली, तरी इन्व्हर्टर स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडतो. अशा वेळी चालू असल्याची खात्री असलेली दुसरी ट्यूब जोडून पाहावी. ती पेटली तर जुनी ट्यूब बदलायची. तीही विझली तर इन्व्हर्टर. उजेड मुळीच येत नसेल, तर इन्व्हर्टरला वीज पोहोचते का ते पाहावे. पोहोचत नसेल तर पुष्कळदा मदरबोर्डवरचा बारीक फ्यूज उडालेला असतो.

एक सांगणे मात्र कळकळीचे. उघडण्यापूर्वी अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढा. चालू इन्व्हर्टरला हात लावू नका आणि त्याच्या ट्यूबकडच्या टोकाला साधा मल्टिमीटर लावू नका. ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. ती फुटली तर खिडक्या उघडा, केरसुणी न फिरवता तुकडे जाड कागदाने गोळा करा आणि बरणीत बंद करा. जुनी ट्यूबही केरात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

ही कामे जमणार नसतील तर ती कारागिराकडे सोपवा. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी टॉर्च तेवढा लावून पाहा.