शाळा उघडण्याची तजवीज

साथीच्या काळात शाळा बंद करण्यास एक हुकूम पुरतो. परंतु तीच शाळा पुन्हा उघडावयाची, आणि उघडताना कोणाच्याही घरात आजार शिरू नये अशी खबरदारी घ्यावयाची, तर त्यासाठी किती माणसांना किती प्रकारची मेहनत करावी लागते, हे २०२१ च्या आषाढाच्या तोंडावर सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील माध्यमिक विद्यालयात मला जवळून पाहावयास मिळाले. त्या सुमारास माझा मुक्काम त्या गावी होता, आणि मुख्याध्यापकांच्या अनुमतीने त्यांच्या कचेरीत, वर्गांत आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत मला बसता आले.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या, तेव्हा हे प्रकरण इतके लांबेल असे कोणाच्या मनात नव्हते. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरविण्यास मुभा मिळाली खरी, पण अनेक ठिकाणी वर्गांची घडी बसते न बसते तोच दुसरी लाट आली, शाळा पुन्हा बंद झाल्या, आणि त्या वर्षी दहावी-बारावीच्या परीक्षाही रद्द कराव्या लागल्या. अशा स्थितीत ७ जुलै २०२१ रोजी शासनाने निर्णय काढला की, ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण आढळलेला नाही तेथे ग्रामपंचायतीने ठराव करावा आणि १५ जुलैपासून आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करावेत. यासाठी सरपंच अध्यक्ष, ग्रामसेवक सदस्य-सचिव, आणि तलाठी, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष हे सदस्य, अशी समिती नेमावयाची होती. आजवर वरच्या पातळीवर होणारा निर्णय या कागदाने गावाच्या चावडीवर आणून ठेवला, हे त्याचे खरे महत्त्व.

बैठक ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या सभागृहात झाली. सरपंच ही एक मध्यमवयीन बाई होती. तिने प्रथम आरोग्य केंद्राचा महिन्याचा तपशील मोठ्याने वाचावयास लावला, आणि नंतर पालकांना बोलू दिले. मागच्या बाकावरून एक आई उठली आणि म्हणाली, “सर, घरात फोन एकच हाय, अन् त्यो तिच्या वडलांसंगं रानात जातो. पोरीनं काय भिंतीकडं बघून शिकावं का?” तिच्या बोलण्यावर माना डोलल्या, परंतु एका वृद्धाने तितक्याच कळकळीने विचारले, “पोरं शाळंतनं आजार घेऊन आली, तर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं काय वं डॉक्टर?” आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्या भीतीला हसून बगल दिली नाही. मुलांमध्ये हा आजार बहुधा सौम्य असतो, पण मुले तो घरी आणू शकतात, आणि अठरा वर्षांखालील मुलांना तूर्त लस नाही, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांची लस हेच मुलांच्या शाळेचे कुंपण आहे, असे त्यांनी स्वच्छ सांगितले; आणि सरपंचांनी तेथल्या तेथे आशाताईंना लस न घेतलेल्या वृद्धांची घरनिहाय यादी करण्यास सांगून ती ठरावाला जोडली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी इतिवृत्त लिहिले, सह्या व अंगठे झाले, आणि ठराव संमत झाला.

दुसऱ्या दिवशी खरे काम सुरू झाले. शासनाचा नियम असा होता की एका बाकावर एकच विद्यार्थी बसवावा, दोन बाकांत सहा फुटांचे अंतर राखावे, आणि एका वर्गात पंधरा ते वीसहून अधिक मुले नसावीत. मुख्याध्यापक हे मूळचे गणिताचे शिक्षक. ते मोजपट्टी आणि खडू घेऊन दहावीच्या खोलीत शिरले. खोली पंचवीस फूट लांब आणि वीस फूट रुंद; फळ्यापुढे शिक्षकांसाठी पाच फूट सोडले म्हणजे मुलांकरिता वीस फूट लांबीचा व वीस फूट रुंदीचा चौक उरतो. बाक चार फूट लांबीचा आणि बैठकीसह दोन फूट खोल. आता सहा फुटांचे अंतर एका बाकाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत धरले, तर आडवे दोन आणि उभे तीन असे सहाच बाक मावतात. तेच अंतर एका मुलापासून दुसऱ्या मुलापर्यंत मोजले, तर चार ओळी आणि चार रांगा मिळून सोळा मुले बसतात. मापाचा आरंभ कोठून करावयाचा एवढ्या एका प्रश्नावर दहा मुलांचे शिक्षण अवलंबून होते. मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांशी विचारविनिमय केला. श्वास मुलाचा असतो, बाकाचा नव्हे, म्हणून अंतर मुलापासून मुलापर्यंत धरावे आणि वर्गातील संख्या शासनाच्या मर्यादेत ठेवावी, असे ठरले. मग प्रत्येक मुलाच्या बसण्याच्या जागी खडूने फुली काढण्यात आली, आणि ती पुसली जाऊ नये म्हणून तिच्यावर तैलरंगाचा हात फिरविण्यात आला.

इतके होऊनही सोळांचा हिशेब टिकला नाही. वारा खेळता राहावा म्हणून खिडक्या उघड्या असाव्यात, याविषयी डॉक्टर आग्रही होते. अंतर कमी-अधिक झाले तर एक वेळ चालेल, पण कोंडलेली हवा चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु त्या भागात आषाढाचा पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो, आणि पहिल्याच सरीत खिडकीजवळची संपूर्ण रांग भिजली. खिडकी लावावी तर हवा कोंडते, उघडी ठेवावी तर चार मुले ओली होतात. मुख्याध्यापकांनी काही वेळ त्या ओल्या बाकांकडे पाहिले, आणि मग ती रांग शिपायाकडून उचलविली. सोळांची बारा झाली.

बारांच्या हिशेबाने पुढचे वेळापत्रक बांधले गेले. दहावीच्या एक्केचाळीस मुलांपैकी छत्तीस जणांच्या पालकांनी लेखी संमतिपत्र दिले होते. त्यांचे तीन गट पाडून एकाने सोमवारी व गुरुवारी, दुसऱ्याने मंगळवारी व शुक्रवारी, तिसऱ्याने बुधवारी व शनिवारी यावे असे ठरले. आठवड्यातून दोनच दिवस मिळणार, म्हणून गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांना अग्रक्रम देण्यात आला. ज्या पाच घरांतून संमती आली नाही, त्यांच्यावर कोणताही दबाव न आणता त्यांच्यासाठी स्वाध्यायाच्या झेरॉक्स प्रती शनिवारी घरपोच करावयाच्या, असेही वेळापत्रकाखाली लिहिलेले मी वाचले.

शिपायाकडे निर्जंतुकीकरणाचे काम होते. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण पाच टक्क्यांचे आले होते, आणि वापरावयाचे एक टक्क्याचे. म्हणून एक मापटे द्रावणात चार मापटी पाणी, हे प्रमाण त्याने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले होते, आणि रोज तो ते बोटाने वाचूनच बादली भरी. शाळा भरण्याच्या दिवशी व्हरांड्यात तापमापक यंत्र घेऊन उभ्या असलेल्या शिक्षिकेला पहिल्या काही मुलांचे तापमान नेहमीपेक्षा फारच कमी दिसू लागले. पावसात भिजून आलेल्या कपाळावरील पाणी सुकताना त्वचा गार पडते आणि यंत्र खरा ताप दाखवीत नाही, हे तिच्या ध्यानात आले. तेव्हापासून प्रत्येक मुलाने आपल्या रुमालाने कपाळ कोरडे करावे, व्हरांड्यात थोडा वेळ थांबावे, आणि मगच यंत्रापुढे यावे, असा प्रघात पडला. ही सूचना माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही परिपत्रकात नव्हती. ती त्या व्हरांड्यात त्या सकाळी निर्माण झाली.

शिक्षकांनी गावातच राहावे किंवा सार्वजनिक वाहनाने ये-जा करू नये, अशीही एक अट होती. तालुक्याहून रोज एस.टी.ने येणाऱ्या दोघा शिक्षकांसाठी गावातील एका कुटुंबाने आपल्या माडीवरची खोली रिकामी करून दिली, आणि भाड्याचा विषय काढू दिला नाही. ज्या गावाने मागील वर्षी परगावाहून आलेल्या आपल्याच माणसांना याच शाळेच्या खोल्यांत विलगीकरणासाठी ठेवले होते, त्याच गावाने आता शाळेसाठी घराचे दार उघडले, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते.

त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरी भागात आठवीपासून पुढचे वर्ग उघडले. डिसेंबरात लहान मुलांची पाळी आली. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने पुन्हा खंड पडला, आणि २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या निर्णयाने शाळा परत भरू लागल्या. या प्रत्येक वेळी शेकडो मुख्याध्यापकांनी आपापल्या खोल्या मोजल्या असतील, आपापल्या वाऱ्यापावसाशी तडजोड केली असेल. शासनाचा निर्णय आवश्यक होता, त्याने दिशा दिली. पण शाळा सुरक्षित झाली ती तो निर्णय त्या विशिष्ट खोलीत, त्या विशिष्ट पावसात कसा लागू करावयाचा याचा विचार करणाऱ्या माणसांमुळे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

म्हणून गावोगावच्या मुख्याध्यापकांना, सरपंचांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्या काळातील ठराव, बैठक-व्यवस्थेचे नकाशे, गटांची वेळापत्रके आणि व्हरांड्यात सुचलेल्या लहानसहान युक्त्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांची एक स्वतंत्र नस्ती बांधून शाळेच्या दप्तरी जतन करा, आणि बदलून येणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या हाती ती रीतसर सोपवा. साथी यापूर्वी आल्या आहेत आणि यापुढेही येतील. त्या वेळी शाळा बंद करण्याचा हुकूम निघण्याआधी, ती चालू कशी ठेवता येईल याचा तपशील गावाजवळ लिहून तयार असला पाहिजे.