वरचा बाण कुणाचा?

वरचा बाण दाबला की मागची आज्ञा परत येते, आणि हे काम टर्मिनलचं, फार तर कीबोर्डचं: ही समजूत संगणकाच्या वर्गांत इतकी घट्ट रुजली आहे की ती तपासून पाहायचंही कुणाच्या मनात येत नाही. सुरतच्या डिंडोली, उधना, लिंबायत भागात खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलं आता संगणक शिकतात, पुण्यातलीही शिकतात, आणि दोघांकडून हेच वाक्य ऐकायला मिळतं. ते खोटं ठरवायला लिनक्सवर अर्धं मिनिटही लागत नाही. टर्मिनलमध्ये ‘कॅट’ ही आज्ञा कोणत्याही फाइलशिवाय चालवा आणि वरचा बाण दाबा. मागची आज्ञा येणार नाही. पडद्यावर टोपीचं चिन्ह, दोन उघडे चौकटी कंस आणि कॅपिटल ए असा कचरा उमटेल. कीबोर्ड तोच आहे, टर्मिनलही तेच आहे. मग क्षणापूर्वी बॅश या शेलमध्ये असलेली सोय गेली कुठे?

ती सोय टर्मिनलची नव्हतीच. बाण दाबल्यावर टर्मिनल फक्त तीन बाइट पाठवतं: 27, 91 आणि 65. डीईसी कंपनीच्या 1978 सालच्या व्हीटी100 टर्मिनलपासून हा प्रघात चालत आला आहे. त्या तीन बाइटांचा अर्थ ‘मागची आज्ञा आण’ असा लावायचा की नाही, हे पलीकडे वाचत बसलेला प्रोग्राम ठरवतो. मधे कर्नल असतो, पण तो एंटर दाबेपर्यंत ओळ गोळा करतो आणि तेवढ्यात बॅकस्पेसनं एक अक्षर, कंट्रोल-डब्ल्यूनं एक शब्द, कंट्रोल-यूनं अख्खी ओळ खोडू देतो. संपादनाच्या नावानं त्याच्याकडे जवळपास एवढंच आहे. ओळीच्या मधोमध जाऊन एक अक्षर दुरुस्त करायचं असेल तर प्रोग्रामनं कर्नलला सांगावं लागतं की तू बाजूला हो, प्रत्येक बाइट मला कच्चा दे. मग ओळ स्वतःच्या स्मृतीत ठेवायची, कर्सर कुठे आहे ते लक्षात ठेवायचं, प्रत्येक बदलानंतर ओळ पुन्हा रंगवायची आणि जुन्या ओळींची यादी सांभाळायची. बॅशमध्ये हे काम रीडलाइन नावाची लायब्ररी करते. ती ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिली आणि अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले चेट रेमी ती कित्येक वर्षं सांभाळत आले आहेत.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘पण विंडोजवर तर कोणत्याही प्रोग्राममध्ये बाण चालतो!’ निरीक्षण बरोबर आहे, आणि गैरसमजाचं मूळही बहुधा तिथेच आहे. विंडोजचा कन्सोल ओळीचं संपादन आणि आज्ञांचा इतिहास स्वतः पुरवतो, म्हणून तिथे प्रोग्रामला काहीच करावं लागत नाही. त्यावर पहिला धडा गिरवलेला विद्यार्थी लिनक्सवर आला की तोच नियम सगळीकडे लावतो. दुसरा आक्षेप असा की झेडशेल रीडलाइन वापरत नाही, तरी तिथे बाण चालतो. बरोबर, कारण त्यानं स्वतःचा संपादक लिहिला आहे; म्हणजे इथेही काम कुणीतरी केलेलंच आहे. ते न केल्यास काय होतं याचे पुरावे रोजच्या कामात पडलेले आहेत. पोस्टग्रेस बांधताना रीडलाइन वगळण्याचा पर्याय असतो. तो निवडला तर त्याच्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन प्रोग्राममध्ये बाण मुका होतो. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसची लिनक्सवरची तक्रार इतकी जुनी आहे की लोक ‘आरएलरॅप’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रामच्या आत ते चालवतात. हा आरएलरॅप दुसरं काही करत नाही, बाहेरून रीडलाइन चढवतो.

टर्मिनलचा मुद्दा मान्य झाला की पुढचं वाक्य तयार असतं: ‘मग ते फार अवघड काम असणार.’ रेडिस या डेटाबेसचे जनक, इटलीतले साल्वातोरे सान्फिलिप्पो यांना नेमकी याविषयीच शंका आली. त्यांच्या लाइननॉइझ या छोट्या मुक्तस्रोत लायब्ररीच्या माहितीपत्रात ते रीडलाइनच्या 30 हजार आणि तसंच काम करणाऱ्या लिबएडिट या लायब्ररीच्या 20 हजार ओळी मांडतात आणि एवढं खरंच लागतं का, असं विचारतात. त्यांचं उत्तर त्याहून कितीतरी कमी ओळींत मावतं. रेडिसचा कमांड-लाइन प्रोग्राम याच लायब्ररीवर चालतो; मोंगोडीबी आणि अँड्रॉइडची नावंही तिथे दिली आहेत. तेव्हा छोटी म्हणजे खेळण्यातली, हा शेरा मारण्याआधी जरा थांबावं. मात्र छोटेपणाची किंमत असते. पूर्वनिश्चित इतिहास 100 ओळींचा, आणि रीडलाइनसारखी कळांची मनाजोगती मांडणी करणारी फाइल नाही. मराठी वाचकाला टोचणारी उणीव वेगळीच आहे. मूळ लाइननॉइझ बरीच वर्षं एक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरून चालत असे. ‘डिंडोली’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये ती सात चिन्हं आहेत आणि यूटीएफ-8मध्ये 21 बाइट. अशा हिशेबात एकदा बॅकस्पेस दाबला की ‘ली’च्या वेलांटीतला एक तृतीयांश तुकडा उडतो आणि उरतो तो अर्थहीन अवशेष. जिम टीसीएलसारख्या प्रकल्पांनी स्वतःच्या शाखेत यूटीएफ-8 जोडून घेतलं. रीडलाइनला बहुबाइट चिन्हं कळतात, तरी मात्रेला पडद्यावर किती जागा लागते यावर लायब्ररी आणि टर्मिनल यांचं एकमत नसेल तर कर्सर भलतीकडेच उभा राहतो. हा दोष देवनागरीचा नव्हे.

‘मुक्तस्रोत म्हणजे बिनशर्त’ या गैरसमजाला मात्र एका ओळीत सोडता येत नाही, कारण तो महागात पडू शकतो. रीडलाइन जीपीएल परवान्याखाली आहे. ती जोडलेला प्रोग्राम वाटायचा असेल तर तोही जीपीएलशी सुसंगत अटींवर वाटावा लागतो. क्लिस्प या लिस्पच्या अंमलबजावणीनं ती वापरली तेव्हा 1992 मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि ब्रुनो हाइबल यांच्यात यावरून पत्रव्यवहार झाला, आणि अखेर क्लिस्पच जीपीएलखाली आलं. तो पत्रव्यवहार क्लिस्पच्या स्रोतासोबतच ठेवलेला आहे. ज्याला शंका असेल त्यानं वाचावा. लाइननॉइझ बीएसडी परवान्याखाली आहे, म्हणजे बंदिस्त प्रोग्राममध्येही चालते. पण हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतोच.

उरलेले गैरसमज किरकोळ. खिडकी बंद केली की इतिहास पुसला जातो: नाही, बॅश, मायएसक्यूएल आणि रेडिस तो घरच्या फोल्डरात साध्या मजकुरात ठेवतात, त्यामुळे आज्ञेत पासवर्ड लिहू नये. मॅकवर रीडलाइन असतेच: नाही, ॲपल त्या नावाआड लिबएडिट देतं. कंट्रोल-आर ही बॅशची करामत: तीही रीडलाइनचीच.

एखाद्या प्रोग्राममध्ये बाणाऐवजी कचरा उमटला, तर टर्मिनल बदलत बसू नका. लिनक्सवर ‘एलडीडी’ आज्ञेनं तो प्रोग्राम कोणत्या लायब्ररींशी जोडला आहे ते पाहा. रीडलाइन किंवा लिबएडिट जोडलेली असेल तर सहसा त्या यादीत सापडेल. लाइननॉइझ तिथे शोधू नका, कारण तिचा स्रोत सहसा थेट प्रोग्राममध्येच बांधलेला असतो.