सतत ऐकणारा फोन बॅटरी कशी वाचवतो? आवाज आणि स्पर्शाच्या रचनेमागचे गणित

नवी दिल्ली : पडदा बंद असलेला मोबाईल ‘हे सिरी’ किंवा ‘ओके गुगल’ हे शब्द कानी पडताच जागा होतो. याचा अर्थ त्याचा मायक्रोफोन सतत सुरू असतो. तरीही त्याची बॅटरी काही तासांत संपत नाही, कारण ऐकण्याचे काम संपूर्ण फोन करीत नाही. त्यातील एक छोटा भाग जागा राहतो आणि उर्वरित यंत्रणा निद्रिस्त असते. डिजिटल सहायकाची उपयुक्तता बव्हंशी या वाटणीवरच अवलंबून आहे. आर्थिक व्यवहार, प्रवासाची तिकिटे आणि सरकारी सेवा मोबाईलवर आल्यामुळे दुपारीच बंद पडणारा फोन आता केवळ गैरसोय राहिलेला नाही.

देवडीवरचा पहारेकरी

ही सोय प्रारंभी इतकी सहज नव्हती. २०१४ मध्ये आलेल्या आयओएस ८ प्रणालीत आयफोन ६ सारखे फोन चार्जरला जोडलेले असतानाच ‘हे सिरी’ ही हाक ऐकू शकत. २०१५ च्या आयफोन ६एसपासून ही अट दूर झाली. त्यामागे अत्यल्प वीज घेणारा स्वतंत्र साहाय्यक प्रोसेसर होता.

ॲपलच्या अभियंत्यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक लेखात ही कार्यपद्धती उलगडली आहे. मायक्रोफोन आवाजाचे प्रतिसेकंद १६,००० नमुने घेतो. साहाय्यक प्रोसेसरवरील छोटे न्यूरल नेटवर्क एका वेळी सुमारे ०.२ सेकंदाचा आवाज तपासते. सुरुवातीच्या आवृत्तीत या नेटवर्कला पाच थर आणि प्रत्येक थरात ३२ एकके होती. हाक ऐकल्याची शक्यता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तरच मुख्य प्रोसेसर जागा होई आणि प्रत्येक थरात १९२ एकके असलेल्या मोठ्या नेटवर्कने खातरजमा करी. वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याने प्रत्येक चाहुलीला धन्याला न उठवता, संशय बळावल्यावरच हाक द्यावी, तसा हा प्रकार आहे.

येथे रचनाकारापुढे पेच उभा राहतो. मर्यादा सैल ठेवली, तर दूरचित्रवाणीवरील संवादानेही फोन जागा होतो. त्यात वीज वाया जाते, शिवाय न विचारलेले संभाषण ध्वनिमुद्रित होण्याचा धोका संभवतो. मर्यादा कडक केली, तर वापरकर्त्याला तीच हाक पुन्हा पुन्हा द्यावी लागते. गोंगाटाचे रस्ते आणि निरनिराळ्या भाषांतील उच्चारांची विविधता यांमुळे भारतात हा तोल अधिक नाजूक ठरतो.

स्पर्श आणि हालचालीचा आधार

या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे सतत ऐकणेच टाळणे. ॲपल वॉचची बॅटरी फोनपेक्षा बरीच लहान असल्यामुळे मनगट उचलल्याची हालचाल जाणवल्यावरच हाक ओळखणारी यंत्रणा सुरू करण्याची पद्धत तेथे स्वीकारण्यात आली. कळ दाबून सहायकाला बोलावणे हा त्याहूनही काटकसरीचा पर्याय आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गुगल असिस्टंट हिंदी आणि इंग्रजीतून जिओफोनवर उपलब्ध झाला. त्या फोनमध्ये स्पर्शपडदा नव्हता. २.४ इंची पडदा, कळफलक, ५१२ एमबी रॅम आणि २,००० एमएएच बॅटरी एवढ्या सामग्रीवर ही सेवा चालवण्यात आली.

पडदा हा फोनमधील विजेचा मोठा ग्राहक असतो. ओएलईडी पडद्यावर काळा बिंदू प्रकाश देत नाही, त्यामुळे गडद पार्श्वभूमीने वीज वाचते. मात्र सर्वच परिस्थितींत सारखी नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासानुसार पूर्ण प्रखरतेवर सरासरी ३९ ते ४७ टक्के, तर ३० ते ५० टक्के प्रखरतेवर केवळ ३ ते ९ टक्के बचत होते. म्हणूनच छोटे उत्तर आवाजाने देऊन पडदा बंदच ठेवणे आणि यादी किंवा नकाशा दाखवायचा असेल तेव्हाच तो उजळणे, ही रचना हितावह ठरते.

प्रक्रिया फोनवर की सर्व्हरवर?

आवाज सर्व्हरवर पाठवताना फोनची रेडिओ यंत्रणा कार्यरत होते आणि काम संपल्यावरही काही काळ जागी राहते. क्षीण नेटवर्कमध्ये हा खर्च आणखी वाढतो. मे २०१९ मध्ये गुगलने सुमारे १०० जीबीची वाक्‌ओळख प्रणाली अर्ध्या जीबीपर्यंत आटोपशीर करून फोनवरच चालवण्याची घोषणा केली. आवाज फोनबाहेर न गेल्यास खासगीपणाही अधिक जपला जातो. मात्र मोठे मॉडेल फोनवर चालवण्यासही वीज लागते. त्यामुळे गजर लावण्यासारखी साधी कामे फोनवर आणि गुंतागुंतीचे प्रश्न सर्व्हरवर, अशी विभागणी सोयीची ठरते.

भारतात मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ सेवा सुरू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठवण्यासाठी ‘हॅलो! यूपीआय’ची घोषणा झाली. अशा व्यवहारांत रक्कम बोलून सांगता येते, परंतु पिन मोठ्याने उच्चारणे असुरक्षित असते. तो कळफलकावर टाकणेच योग्य.

सामान्य वापरकर्त्यालाही यातून काही करता येते. हाकेची सोय क्वचितच वापरली जात असेल, तर ती बंद करून बटणाने सहायक सुरू करता येतो. भाषेची ऑफलाइन फाइल उपलब्ध असल्यास ती आधीच उतरवून ठेवता येते. उन्हातून सावलीत आल्यावर पडद्याची प्रखरता उतरवली, तरी बॅटरी अधिक काळ साथ देते.